आर्थिक वृद्धी, जागतिक व्यापार आणि विषमता : यवतमाळ जिल्ह्यातील कापूस अर्थव्यवस्थेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

१९९१ मध्ये भारताने नवीन आर्थिक धोरण स्वीकारले आणि उदारीकरण, खाजगीकरण व जागतिकीकरण हे तीन शब्द पाठ्यपुस्तकांतून थेट दैनंदिन भाषेत आले. त्यानंतरच्या तीन दशकांत देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर उंचावला, निर्यात वाढली आणि दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण घटले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. याच काळात उत्पन्नाचे व संपत्तीचे केंद्रीकरणही झाले. नितीन भारती, लुकास शांसेल, थॉमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या १ टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. वृद्धी आणि विषमता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच देशात आणि एकाच धोरणाखाली वाढल्या. त्यांचा परस्परसंबंध कोणता, हा विकसनशील देशांच्या अर्थशास्त्रातील मध्यवर्ती वाद होय.

या वादात यवतमाळ जिल्ह्याला वारंवार साक्षीला बोलावले गेले आहे. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत अणुकरारावरील विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत मारेगाव तालुक्यातील जळका येथील एका शेतकरी विधवेचे उदाहरण देण्यात आले. तिच्या घरी वीज यायची तर देशाला अणुऊर्जा हवी, असा तो युक्तिवाद होता. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे 'चाय पे चर्चा' झाली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन एका शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. अणुऊर्जा, निवडणूक आणि साहित्य अशा तीन सर्वस्वी भिन्न व्यासपीठांवर हा जिल्हा दाखला म्हणून वापरला गेला. दाखला देणाऱ्यांचे निष्कर्ष मात्र बहुधा आधीच ठरलेले होते.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, यवतमाळची विषमता जागतिक बाजार जिल्ह्यात पोहोचला नाही म्हणून निर्माण झालेली नाही, आणि तो १९९१ नंतर अचानक येऊन धडकला म्हणूनही नाही. हा जिल्हा दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या बाजारात आहे. प्रश्न त्या संबंधाच्या अटींचा आहे. बाजाराची जोखीम कोणी सोसायची आणि कापसातील मूल्यवृद्धी कोणाच्या पदरात पडायची, हे ठरविणाऱ्या या अटी आहेत. यापुढील विवेचन मुख्यतः कापसापुरते मर्यादित ठेवले आहे. वणी परिसरातील कोळसा खाणींमुळे जिल्ह्याच्या एकूण उत्पन्नाचा आकडा फुगतो. पण मारेगाव-झरी भागातील कोलाम पोडावर त्या आकड्याचा मागमूस फारसा दिसत नाही, एवढीच नोंद येथे पुरेशी आहे.

दोन भूमिका आणि त्यांच्या मर्यादा :

सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार आर्थिक विकासाच्या आरंभी विषमता वाढते व पुढे ती घटू लागते. उलट्या 'यू' आकाराचा हा वक्र अनेक वर्षे पदवी वर्गात जवळजवळ निसर्गनियमासारखा शिकविला गेला. कुझनेट्स यांनी स्वतः आपल्या आधारसामग्रीच्या तुटपुंजेपणाची स्पष्ट कबुली दिली होती. पाठ्यपुस्तकांत वक्र उरला आणि कबुली गळाली. जगदीश भगवती आणि अरविंद पानगढिया यांनी 'व्हाय ग्रोथ मॅटर्स' या ग्रंथात वृद्धीला अग्रक्रम दिला. वृद्धी झाली तरच रोजगार वाढेल व कल्याणकारी खर्चासाठी महसूल मिळेल, हे त्यांचे सूत्र आहे. याच सुमारास, २०१३ मध्ये, ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचा 'ॲन अन्सर्टन ग्लोरी' हा ग्रंथ आला. वृद्धी आवश्यक असली तरी शिक्षण, आरोग्य व सार्वजनिक सेवा यांत तिचे रूपांतर आपोआप होत नाही, असे त्यांनी दाखविले. या दोन ग्रंथांच्या निमित्ताने झालेला वाद देशभर गाजला. परंतु त्यात कापूस उत्पादक कोरडवाहू शेतकरी दोन्ही बाजूंना ओझरताच दिसतो.

मराठीत हा वाद वेगळ्या आणि अधिक टोकदार रूपात आधीच झाला होता. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'भारत' विरुद्ध 'इंडिया' अशी मांडणी करून शेतमालाचे भाव पाडणे हेच शासनाचे धोरण असल्याचे प्रतिपादन केले. भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळत नसून उणे अनुदान मिळते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे डंकेल प्रस्तावाला बहुतेक शेतकरी नेते विरोध करीत असताना त्यांनी खुल्या बाजाराचे स्वागत केले. दुसऱ्या बाजूस डाव्या विचारांच्या अभ्यासकांनी व पत्रकारांनी, विशेषतः २००० नंतरच्या दशकात, विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा थेट संबंध जागतिकीकरणाशी जोडला. पी. साईनाथ यांच्या वृत्तांतांमुळे हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर पोहोचला. त्याचे श्रेय नि:संशय त्यांना द्यावे लागेल.

या दोन्ही भूमिकांत सत्यांश आहे, पण एक कालानुक्रमाची अडचणही आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या चिलगव्हाण येथील शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. राज्यात जाहीर चर्चा झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते आणि तिच्या स्मरणार्थ अलीकडे दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. घटना उदारीकरणाच्या पाच वर्षे आधीची आहे. तेव्हा कापसाचा व्यापार पूर्णपणे शासनाच्या ताब्यात होता. म्हणजे जागतिकीकरण हे संकटाचे एकमेव कारण नव्हे. पण खुला बाजार येऊन दोन दशके लोटल्यावरही संकट संपलेले नाही. तेव्हा शासकीय नियंत्रण हेही एकमेव कारण ठरत नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचे दशक निवडले, असे खेदाने म्हणावे लागते.

जागतिक बाजाराशी असलेला जुना संबंध :

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला, त्यामागे येथील काळ्या कसदार जमिनीचे आकर्षण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला आणि वऱ्हाडातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमण्यात आला. रिव्हेट-कार्नाक यांनी ते पद सांभाळले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे बडनेरामार्गे नागपूरला पोहोचली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूर-यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग बांधला. 'शकुंतला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीचे प्रयोजन उघड होते. कापूस मूर्तिजापूरपर्यंत, तेथून मुंबई आणि तेथून मँचेस्टर. १९२१ मध्ये मँचेस्टरलाच तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होते.

या इतिहासाचा उल्लेख येथे केवळ स्मरणरंजनासाठी केलेला नाही. लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या ग्रंथात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा संबंध उलगडून दाखविला आहे. ज्वारीच्या जागी कापूस आला, गावाचे धान्य बाहेरून येऊ लागले आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा कथित श्रीमंत प्रांत भयानक होरपळला. त्याही वेळी प्रशासकीय अहवालांत वऱ्हाड समृद्ध होता, कारण निर्यात वाढत होती. सरासरीने समृद्ध आणि प्रत्यक्षात असुरक्षित हे चित्र म्हणजे एकविसाव्या शतकाचे अपत्य नव्हे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पूर्ण केला, तो काळ हाच होता.

दराची जोखीम कोणाकडे :

महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम, १९७१ नुसार १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनालाच विकावयाचा, हमीभावाच्या वर नफा झाल्यास त्याला वाटा मिळावयाचा, अशी तिची रचना होती. योजनेतील दोष सर्वश्रुत आहेत. चुकारे महिनोन्महिने रखडत. ग्रेडरच्या मर्जीवर प्रत ठरे. शेजारी भाव जास्त असला की पांढरकवडा भागातील कापूस रातोरात आदिलाबादच्या बाजारात जाई आणि भाव पडले की परप्रांतीय कापूस उलट दिशेने येई. तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळून एकाधिकार संपुष्टात आला. क्विंटलमागे ५०० रुपयांचा अग्रिम बोनसही २००५ मध्ये बंद झाला. सदोष का होईना, पण दरातील चढउताराचा काही भार या योजनेत शासन उचलत होते. योजना गेली तेव्हा तो भार नाहीसा झाला नाही. तो शेतकऱ्याकडे आला.

आणि तो आला नेमका कोणत्या क्षणी? २००१-०२ मध्ये अमेरिकेने आपल्या सुमारे २५,००० कापूस उत्पादकांना ३ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान दिले. त्या हंगामात जागतिक भाव पौंडाला ४२ सेंटच्या आसपास घसरले होते. ब्राझीलने २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २००५ मध्ये अपील मंडळाचा निर्णयही ब्राझीलच्या बाजूने लागला आणि अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटविला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित केला. त्यांच्या हाती विशेष काही लागले नाही. भारताने तर आयात शुल्क वाढविण्याची नियमांतर्गत मुभा असतानाही तिचा पुरेसा वापर केला नाही. म्हणजे ज्या बाजाराला 'खुला' म्हटले गेले, त्यात एका बाजूचा उत्पादक सरकारी तिजोरीच्या आधाराने उभा होता आणि दुसऱ्या बाजूचा पावसाच्या.

शरद जोशी यांच्या मांडणीतील खरे मर्म मात्र पुढील दशकात सिद्ध झाले. मार्च २०११ मध्ये जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेले. एवढी तेजी कापसाला क्वचितच लाभली होती. परंतु केंद्र शासनाने २०१० मध्ये निर्यातीवर आधीच निर्बंध घातले होते आणि २०१०-११ साठी ५५ लाख गाठींची मर्यादा ठरविली होती. मार्च २०१२ मध्ये तर निर्यातबंदीच जाहीर झाली. विरोधानंतर ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. उलट, भाव शेतकऱ्याच्या बाजूने झुकू लागले की आयातीचे दार उघडते. जुलै २००८ मध्ये हटविलेले आयात शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा लागू झाले, एप्रिल २०२२ मध्ये तेजी येताच काही महिन्यांसाठी माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून आणि पुढे मुदतवाढ देऊन ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ करण्यात आले. वऱ्हाडातील पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, हे या तारखांकडे पाहताना लक्षात ठेवावे.

वस्त्रोद्योगाची अडचण खरी नव्हती, असे नाही. त्यातही लाखो कामगार आहेत. पण वॉशिंग्टनमध्ये लावलेल्या शुल्काचा भार तिरुपूर किंवा मुंबईच्या निर्यातदाराकडून सरकत सरकत राळेगावच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचला आणि तेथेच थांबला. त्याच्या खाली सरकविण्यास फक्त वेचणारी स्त्री उरते.

येथे एक प्रतिवाद संभवतो. हमीभाव आहे, मग जोखीम कोठे उरली? २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये प्रति क्विंटल हमीभाव जाहीर झाला होता. मात्र तो मिळविण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर 'कपास किसान' ॲपवरील नोंदणी, सातबाऱ्यावरील पीकपेरा आणि १२ टक्क्यांच्या आत ओलावा असणे आवश्यक. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की त्या प्रमाणात कपात होते. परतीच्या पावसात भिजलेला पहिल्या वेचणीचा कापूस या कसोटीवर उतरणे कठीण असते. तोपर्यंत कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकाराचे व्याज आणि मजुरांची चुकती करावयाची रक्कम वाट पाहत नाही. मग खेडा खरेदीसाठी दारात गाडी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला, तो सांगेल त्या भावात, रोखीने कापूस दिला जातो. ज्याच्याकडे पक्के घर, ओलिताची दोन एकर तूर-हरभऱ्याची जोड किंवा घरात एक नोकरी आहे, तो कापूस घरात साठवून फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतो. एकाच गावातील, एकाच वाणाच्या कापसाला अशा रीतीने दोन भाव मिळतात. अर्थशास्त्राच्या सूचीत विषमतेचे मापन जमीन, उत्पन्न आणि उपभोग यांवरून होते. थांबण्याची ताकद हा निकष त्यात सहसा नसतो. वऱ्हाडात मात्र बराचसा फरक तेथेच पडतो.

मूल्यवृद्धीचा मुद्दा याला लागूनच येतो. एक क्विंटल कापसातून साधारणपणे ३४-३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतांश सरकी. जिनिंग-प्रेसिंगपर्यंतची प्रक्रिया जिल्ह्यात होते; सूत, कापड आणि तयार वस्त्र या पुढच्या, अधिक कमाईच्या पायऱ्या बहुतांशी बाहेर. ज्या इचलकरंजीच्या परिसरात कापूस जवळजवळ पिकत नाही, ती राज्यातील यंत्रमागाची राजधानी झाली. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकात उभा राहिलेला रेमंड समूहाचा डेनिम प्रकल्प हा उल्लेखनीय अपवाद आहे. जिल्ह्यात कापसापासून निर्यातयोग्य कापड होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पण एका प्रकल्पाने सोळा तालुक्यांच्या कापसाचे भवितव्य बदलत नाही. सहकारी सूतगिरण्यांकडून ती अपेक्षा होती. त्यांची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बियाणे, उत्पादकता आणि सरासरीचा भ्रम :

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली. आरंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या वर होती आणि त्यात १,२५० रुपये केवळ तंत्रज्ञान शुल्काचे होते. आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर २००६ मध्ये ही किंमत निम्म्याहून खाली आली. जागतिक कंपनीच्या किंमतनिर्धारणात राज्यसंस्था हस्तक्षेप करू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. तो हस्तक्षेप हैदराबादहून झाला, मुंबईहून नव्हे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

बीटीविषयीचे लेखनही दोन छावण्यांत विभागले गेले. एकीकडे प्रत्येक आत्महत्येमागे बीटी पाहणारे, तर दुसरीकडे राष्ट्रीय उत्पादनाचा आलेख दाखवून वाद संपविणारे. देशातील कापूस उत्पादन २००२-०३ मधील १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले, हे खरे आहे. परंतु केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात या वाढीचा बराचसा भाग खते, सिंचन आणि नव्या कीटकनाशकांशी निगडित असल्याचे दाखविले. पुढे उत्पादकता कुंठित झाली आणि कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व पातळीच्या वर गेला. गुलाबी बोंडअळीने प्रतिकारक्षमता मिळविली आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची वाताहत केली. २०२४-२५ पर्यंत देशाचे उत्पादन ३०० लाख गाठींच्या आसपास उतरले होते.

दरवर्षी बियाणे विकत घेण्याची सक्ती बीटीने आणली, हा समजही तपासून घ्यावा लागतो. १९७० मध्ये आलेल्या एच-४ पासून संकरित वाणांनी ती प्रथा रूढ केली होती आणि नांदेडचे एनएचएच-४४ वऱ्हाडात घरोघरी पोहोचले होते. ते वाण सार्वजनिक संशोधन संस्थेचे होते. बदलले ते एवढेच की बियाण्याच्या किमतीत दूरदेशीच्या पेटंटधारकाचा वाटा आला आणि सार्वजनिक संशोधन मागे पडले. कोरडवाहू हलक्या जमिनीला योग्य, कमी कालावधीचे, सरळ वाण देण्याचे काम जणू कोणाचेच राहिले नाही. त्या पोकळीत 'चोर बीटी' आले. तणनाशकाला दाद न देणाऱ्या या बेकायदा बियाण्याचा माल पाकिटावर नाव नसतानाही खपतो, कारण निंदणाच्या मजुरीचा खर्च त्यातून वाचतो. ती मजुरी अर्थात गावातल्याच बायांची असते.

सरासरीचा प्रश्न येथेच उभा राहतो. राष्ट्रीय सरासरीत गुजरातचे ओलित आणि यवतमाळचे कोरडवाहू रान एकत्र मिसळले जाते. महाराष्ट्राची रुईची हेक्टरी उत्पादकता देशाच्या सरासरीच्या खाली आणि देशाची जगाच्या सरासरीच्या बरीच खाली आहे. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये इतका काढला. त्यात सिंचन हा मोठा घटक होता. १९९४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) अन्वये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, केळकर समितीने २०१३ मध्ये नव्याने शिफारशी केल्या आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. चार दशकांत अनुशेष मोजण्याच्या पद्धती प्रगत झाल्या. पाणी मात्र त्या वेगाने शेतापर्यंत आले नाही.

गावाच्या आतील विषमता :

शेतकरी हा एकसंध वर्ग मानणे ही आंदोलनाची गरज असू शकते. अभ्यासकाने ती स्वीकारण्याचे कारण नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यांत मोठ्या संख्येने शेतमजूर होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या उंचीपर्यंत वाढलेली, अळीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली आणि पाठीवर बॅटरीचा पंप. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. काही बाधित व मृतांच्या कुटुंबीयांनी सिंजेंटा कंपनीच्या 'पोलो' या कीटकनाशकासंबंधी २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. या औषधातील डायफेन्थियूरॉन हा घटक स्वित्झर्लंडमध्ये व युरोपीय संघात वापरण्यास मनाई आहे, ही बाब निर्विवाद आहे. जागतिक व्यापाराच्या साखळीत वस्तू, भांडवल आणि तंत्रज्ञान सीमा ओलांडतात. सुरक्षिततेचे निकष मात्र सीमेवरच अडतात.

या प्रकरणात गावपातळीवरची एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. 'हातमोजे का वापरले नाहीत' हा प्रश्न बहुतेक मजुराला विचारला गेला. औषध कोणते घ्यायचे हे कृषी सेवा केंद्राच्या विक्रेत्याने सुचविले, विकत घेतले शेतमालकाने आणि अंगावर घेतले मजुराने. निर्णय, खर्च आणि परिणाम हे तिघांत विभागलेले असताना दोष मात्र शेवटच्याच्या निष्काळजीपणाला लागला. शेतमालक स्वतः कर्जबाजारी असतो, म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणे अप्रस्तुत वाटते. संघटनांच्या ठरावांतही शेतमजुराची मजुरी हा 'उत्पादन खर्च' म्हणूनच येतो. कपाशी वेचणाऱ्या स्त्रियांना किलोमागे दाम मिळतो. जागतिक भाव वाढला म्हणून तो त्या प्रमाणात वाढत नाही. भाव पडला की मात्र वेचणीच लांबते.

पात्र आणि अपात्र :

वरील सर्व विवेचनाचा प्रत्यक्ष धोरणाशी असलेला संबंध दोन शासकीय निकषांत दिसतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतर २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. तिच्यात संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांची मर्यादा होती. बागायती भागातील पाच एकर आणि यवतमाळमधील कोरडवाहू पाच एकर यांतील फरक सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ज्या जिल्ह्यांच्या दु:खाने कर्जमाफीची मागणी उभी राहिली, तेथील सात-आठ एकरांचा कोरडवाहू शेतकरी 'मोठा' ठरून तिच्या पूर्ण लाभाबाहेर राहिला. पुढे २००९ मध्ये राज्य शासनाला पूरक योजना आणावी लागली.

दुसरा निकष अधिक गंभीर आहे. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी प्रत्येक प्रकरण जिल्हा समितीपुढे येते व 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे असणे, कर्ज बँकेचे, पतसंस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे असणे आणि त्याच्या परतफेडीचा तगादा असणे, या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. मक्त्याने वा बटईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. वनजमीन कसणाऱ्या कोलामाच्या हाती पुष्कळदा कागदच नसतो. विनापरवाना सावकाराचे कर्ज कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते, आणि कृषी सेवा केंद्राची उधारी दुकानदाराच्या वहीत असते. शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नावे जमीन असण्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने तिचा मृत्यू बहुधा 'गृहिणी' या रकान्यात जातो. फवारणीत दगावलेल्या मजुराची नोंद तर अपघातात होते. अपात्र प्रकरणांची फाइल तहसील कार्यालयात बंद होते. पुढे जिल्ह्याची आकडेवारी तयार होते, संशोधक ती माहितीच्या अधिकारात मागवितात, तिच्यावर प्रतिगमन विश्लेषण करतात आणि वृद्धीचा आत्महत्यांशी संबंध आहे की नाही, याविषयी निष्कर्ष काढतात. त्या सारणीत बटईदार, कोलाम, वेचणारी स्त्री आणि फवारणी करणारा मजूर हे चौघेही नसतात.